संध्याकाळी खाली जड वाटतं, सकाळी काहीच नसतं, सोनोग्राफीही नॉर्मल : अंग खाली उतरणं ओळखायचं कसं?

प्रश्न थोडक्यात असा आहे : वय ५२, पाळी जाऊन तीन वर्षं झाली. दोन बाळंतपणं खालूनच झालेली, दुसऱ्या वेळी चिमटा लावावा लागला होता. गेले काही महिने दुपारनंतर ओटीपोट जड होतं, खालून काहीतरी सरकतंय असं वाटतं. अंघोळ करताना एकदा हाताला मऊ फुगवटा लागला. सकाळी उठल्यावर मात्र काहीही नसतं. सोनोग्राफी केली, ती नॉर्मल आली. हे अंग बाहेर येणं आहे का, की कॅन्सरची गाठ आहे, आणि ओळखायचं कसं?

तुमच्या लिहिण्यात निदानाच्या दृष्टीने सगळ्यात मोलाचं वाक्य सोनोग्राफीचं नाही. ‘सकाळी काहीच नसतं’ हे आहे. गाठ ही गाठच असते, ती रात्री झोपून उठल्यावर नाहीशी होत नाही. जे दिवसभर उभं राहिल्यावर उतरतं आणि आडवं झाल्यावर आपोआप वर जातं, ते बहुतेक वेळा अंग खाली उतरणंच असतं, म्हणजे गर्भाशय, मूत्राशय किंवा मलाशय आधार सुटून योनीत खाली सरकणं. तेव्हा कॅन्सरची धास्ती तूर्त बाजूला ठेवा. तपासणी मात्र टाळू नका. ती कशी झाली पाहिजे, हे पुढे लिहिते.

आधी सोनोग्राफीचं. पोटावरून करतात ती सोनोग्राफी तुम्ही आडव्या पडलेल्या असताना, मूत्राशय भरलेलं असताना होते. कुणी तुम्हाला जोर करायला सांगत नाही. म्हणजे ज्या स्थितीत सगळं जागच्या जागी बसलेलं असतं, नेमकी तीच स्थिती तिथे पाहिली जाते. गर्भाशयाचा आकार, फायब्रॉइड म्हणजे गर्भाशयातली साधी गाठ, अंडाशयातली गाठ, अस्तराची जाडी यासाठी ती उपयोगी आहे. उभं राहिल्यावर काय कुठे जातं, याबद्दल तो रिपोर्ट काहीच बोलत नाही. पेरिनियमवर, म्हणजे योनी आणि गुदद्वाराच्या मधल्या जागेवर, प्रोब ठेवून, जोर करायला लावून केलेली सोनोग्राफी किंवा तशीच एमआरआय वेगळी असते. तिची गरज थोड्याच जणींना पडते. हे निदान डोळ्यांनी आणि बोटांनी होतं. ‘रिपोर्ट नॉर्मल आहे, तुम्हाला अशक्तपणा आहे’ असं सांगून परत पाठवलेल्या बायका मी नेहमी पाहते आणि दर वेळी चिडते, कारण त्यांची तक्रार ऐकली असती तर निदान निम्मं तिथेच झालं असतं.

ओटीपोटाच्या तळाशी स्नायूंचा एक थर असतो, त्याला पेल्विक फ्लोअर म्हणतात. त्यातला मुख्य स्नायू लिव्हेटर. मूत्राशय, गर्भाशय आणि मलाशय त्याच्या आधारावर असतात. वरून अस्थिबंध म्हणजे लिगामेंट त्यांना धरून ठेवतात. बाळंतपणात, विशेषतः चिमटा लावून झालेल्या बाळंतपणात, लिव्हेटर हाडापासून सुटू शकतो. तेव्हा ते कुणाच्या लक्षात येत नाही, कारण लिगामेंट भार पेलत राहतात. पाळी गेल्यावर इस्ट्रोजेन कमी होतं, ऊती पातळ आणि सैल होतात, आणि वीस-पंचवीस वर्षांपूर्वीची इजा आता त्रास द्यायला लागते. जुनाट खोकला, कायमची बद्धकोष्ठता, वाढलेलं वजन, रोजचं जड उचलणं ही त्यात भर. सिझेरियनने धोका कमी होतो, संपत नाही. मूल न झालेल्या बाईलाही हे होऊ शकतं, मुळातच सांधे आणि ऊती सैल असतील तर जास्तच. म्हणून ‘तुला मूल नाही, तुला कसं होईल’ या बोलण्याला अर्थ नाही.

आता लक्षणं. यादी मोठी देता येते, पण सगळी लक्षणं एका तोलाची नसतात. सर्वांत भरवशाचं एकच : योनिमार्गातून फुगवटा बाहेर येताना दिसणं किंवा हाताला लागणं. बायका ते ‘काहीतरी अडकलंय’, ‘चेंडूवर बसल्यासारखं वाटतं’, ‘आतला कपडा घासतो’, ‘पिशवी उतरली’ असं वेगवेगळ्या शब्दांत सांगतात. असं सांगणाऱ्या बाईला तपासल्यावर बहुधा काही ना काही उतरलेलं सापडतंच. जडपणा आणि खाली ओढल्यासारखं वाटणं त्याखालोखाल, पण तेही दिवस चढेल तसं वाढत असेल आणि आडवं झाल्यावर कमी होत असेल तरच.

याउलट कंबरदुखी आणि अंगावरून पांढरं जाणं या दोन तक्रारींवरून अंग खाली आल्याचं ठरवू नये. कंबर दुखायला शंभर कारणं असतात. ‘अंग खाली आलंय म्हणून कंबर दुखते’ असं समजून ऑपरेशन केलेल्या आणि तरी कंबर तशीच दुखत असलेल्या बायका कमी नाहीत. पांढरं जाण्याचं कारण बहुधा जंतुसंसर्ग किंवा पाळी गेल्यानंतरचा कोरडेपणा असतो. आणि दुखण्याबद्दल एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा : अंग उतरणं सहसा तीव्र दुखत नाही. ओढ असते, अवघडलेपण असतं. कळा येत असतील, शिवण्यानेही दुखत असेल, तर कारण दुसरीकडे शोधायचं.

लघवीकडे बारकाईने पाहा, कारण सगळ्यात जास्त वेळा उतरते ती योनीची पुढची भिंत आणि तिच्या मागे मूत्राशय असतं. लघवी सुरू व्हायला वेळ लागणं, धार बारीक होणं, उठल्यावर ‘अजून राहिली’ असं वाटून पुन्हा बसावं लागणं, वरचेवर संसर्ग होणं, ही त्याची चिन्हं. काही जणींना फुगवटा बोटाने आत ढकलल्याशिवाय लघवी होत नाही. हे कुणी आपणहून सांगत नाही, म्हणून मी थेट विचारते. उत्तर ‘हो’ आलं की निदानाबद्दल फारशी शंका उरत नाही.

इथे एक फसवी गोष्ट आहे. पूर्वी खोकताना, हसताना लघवी सुटायची, हल्ली आपोआप थांबली, असं एखादी आनंदाने सांगते. कधी कधी ती सुधारणा नसते. मूत्राशय इतकं खाली आलेलं असतं की मूत्रनलिका मुडपली जाते आणि गळती अडते. अशा बाईचं अंग पेसरीने (योनीत बसवायच्या आधाराच्या साधनाने) किंवा ऑपरेशनने वर केलं की गळती पुन्हा सुरू होऊ शकते. हे आधी सांगितलं नाही तर तिला वाटतं ऑपरेशन बिघडलं. म्हणून तपासताना फुगवटा आत धरून खोकायला सांगायचं आणि गळतं का ते तेव्हाच पाहायचं.

मागची भिंत उतरली असेल तर तक्रार शौचाची असते. मल खाली आलेला जाणवतो पण बाहेर पडत नाही, पुढच्या बाजूला खिसा झाल्यासारखा तिथेच अडकतो. मग योनीत बोट घालून मागच्या बाजूला दाबलं, किंवा योनी आणि गुदद्वाराच्या मधल्या जागेवर हात दाबून धरला, की पोट साफ होतं. असं करणाऱ्या बायकांना वाटतं आपण काहीतरी लाजिरवाणं, जगावेगळं करतो. अजिबात नाही. ही इतकी नेहमीची गोष्ट आहे की तिला वैद्यकात स्वतंत्र नाव आहे, स्प्लिंटिंग. फक्त बद्धकोष्ठता आहे म्हणजे मागची भिंत उतरली, असं उलटं मात्र धरू नका. कुंथून कुंथून भिंत उतरते, हेही तितकंच खरं.

शरीरसंबंधात सैल वाटणं, हवा गेल्याचा आवाज येणं, मध्येच काहीतरी अडल्यासारखं वाटणं या तक्रारीही असतात. पुष्कळ जणी भीतीने संबंधच थांबवतात. आडवं झाल्यावर उतरलेला भाग बहुधा वर जातो आणि संबंधाने इजा होत नाही, एवढं सांगितलं तरी त्यांच्या मनावरचा मोठा भार उतरतो.

‘माझी तर पिशवी काढलेली आहे, मग काय बाहेर येणार?’ हा प्रश्न हमखास येतो. गर्भाशय काढल्यावर योनीचा वरचा टोकाचा भाग शिवून बंद केलेला असतो. तोच उलटा होऊन खाली येऊ शकतो, कधी त्याच्या मागे आतड्याचा भागही येतो. पुढची-मागची भिंत तर तशीही उतरू शकते. तेव्हा पिशवी काढली म्हणून हा विषय संपत नाही.

घरी पाहायचं असेल तर वेळ संध्याकाळची निवडा, सकाळची नव्हे. लघवी करून या. हात धुवा. एक पाय स्टुलावर ठेवून किंवा उकिडवं बसून हातातला आरसा खाली धरा आणि दोन-तीनदा खोका, मग शौचाला करतो तसा हलका जोर द्या. पुढून, म्हणजे लघवीच्या छिद्राच्या बाजूने, गुलाबी ओलसर फुगवटा आला तर पुढची भिंत. गुदद्वाराच्या बाजूने आला तर मागची. मधोमध, टोकाला छोटा खळगा किंवा फट असलेलं काही दिसलं तर ते गर्भाशयाचं मुख. जोर सोडल्यावर ते परत आत जातं का, हेही बघा. जाणं हे अंग उतरल्याचं लक्षण आहे. फोटो काढून ठेवला तरी चालेल. सकाळच्या तपासणीत काही दिसलं नाही तर तोच उपयोगी पडतो.

बोटाने तपासणाऱ्यांसाठी इशारा : आत वर, नाकाच्या शेंड्यासारखं घट्ट आणि गुळगुळीत काही लागलं तर ते गर्भाशयाचं मुखच आहे आणि ते तिथेच असायला हवं. पाळीच्या चक्रानुसार ते थोडं वर-खाली होतं. ‘गाठ लागली’ म्हणून घाबरून येणाऱ्या बऱ्याच तरुण मुलींना मी एवढंच सांगून घरी पाठवते. बाळंतपणानंतर योनीच्या तोंडाशी राहिलेले कातडीचे लहान लोंबते तुकडेही असेच घाबरवतात. आणि बाळंतपण होऊन काहीच आठवडे झाले असतील तर थोडं सैल, उतरल्यासारखं वाटणं अपेक्षितच असतं. पुढच्या काही महिन्यांत त्यातलं बरंच भरून येतं, त्यामुळे त्या काळात कायमचा शिक्का मारू नये.

अंग उतरल्यासारखं दिसतं, पण ते नसतं, अशाही काही गोष्टी आहेत. योनीच्या तोंडाशी एकाच बाजूला, खालच्या भागात आलेली आणि दुखणारी सूज बहुधा बार्थोलिन ग्रंथीची असते. लघवीच्या छिद्रावरच लालभडक, लहानसा कोंब दिसला तर तो कॅरंकल, पाळी गेलेल्या बायकांत नेहमी दिसणारा. पुढच्या भिंतीवर दाबलं की दुखतं, मूत्रनलिकेतून पू किंवा थेंब येतात, तर डायव्हर्टिक्युलम, म्हणजे मूत्रनलिकेला झालेली लहान पिशवी. योनीच्या भिंतीतली सिस्ट जोर दिला तरी आकार बदलत नाही. गर्भाशयातून देठावर लोंबत आलेला फायब्रॉइड घट्ट असतो आणि त्यातून रक्त जातं. मूळव्याध किंवा गुदद्वारातून बाहेर येणारं मलाशय हे मागच्या द्वारातून येतं, योनीतून नाही. हे उघड वाटेल, पण आरसा न लावता केवळ ‘खालून काहीतरी येतं’ एवढ्यावर औषधं घेतलेल्या कितीतरी जणी असतात.

आता दवाखान्यातली तपासणी. लघवी करून झाल्यावर तपासायला हवं. सिम्स स्पेक्युलम नावाच्या वाकड्या पात्याने आधी मागची भिंत दाबून धरायची आणि खोकायला, जोर द्यायला सांगायचं. पुढून काय येतं ते दिसतं. मग पातं फिरवून पुढची भिंत धरायची आणि मागून काय येतं ते बघायचं. पाती हळूहळू बाहेर घेताना गर्भाशयाचं मुख किंवा वरचा भाग किती खाली येतो ते कळतं. नंतर बोटाने स्नायूंची ताकद : ‘लघवी रोखल्यासारखं आवळा’ असं सांगून लिव्हेटर दोन्ही बाजूंनी सारखा आवळतो का ते पाहायचं. शेवटचा प्रश्न मी प्रत्येकीला विचारते : ‘घरी दिसतं तेवढंच आता बाहेर आलंय का?’ ती ‘नाही’ म्हणाली तर तपासणी अपुरी आहे. मग उभं करून, एक पाय स्टुलावर ठेवून पुन्हा खोकायला सांगायचं, किंवा दुपारनंतर पुन्हा बोलवायचं. आडवं पाडून, दोन पात्यांचा स्पेक्युलम घालून केलेल्या तपासणीत दोन्ही भिंती त्या पात्यांनीच धरून ठेवलेल्या असतात, मग उतरणार काय?

किती उतरलंय हे मोजायला १९९६ पासून पीओपी-क्यू ही पद्धत वापरतात. त्यात खूण म्हणून योनीच्या तोंडाशी असलेली हायमेनची रेषा धरतात. सगळ्यात खाली आलेला भाग त्या रेषेच्या एक सेंटिमीटरहून जास्त वर असेल तर पहिली पायरी, रेषेच्या वर-खाली एक सेंटिमीटरच्या आत असेल तर दुसरी, त्याहून बाहेर आला तर तिसरी, आणि जवळजवळ संपूर्ण बाहेर उलटला तर चौथी. ही आकडेमोड तुम्हाला का सांगते? कारण फुगवट्याचा त्रास साधारण तो भाग या रेषेपर्यंत पोचल्यावरच सुरू होतो. बाळंतपण झालेल्या बायकांना सरसकट तपासलं तर निम्म्यापर्यंत जणींमध्ये थोडंफार उतरलेलं दिसतं. फुगवट्याची तक्रार असलेल्या मात्र साधारण ३ ते ६ टक्केच असतात. म्हणजे केसपेपरवर ‘पहिली पायरी’ लिहिलंय आणि त्रास काहीच नाही, तर तो आजार नाही. त्यावर ऑपरेशन सुचवलं तर दुसऱ्या डॉक्टरांचं मत घ्या. दर वर्षी ते वाढतच जातं, असंही नाही. बऱ्याच जणींचं वर्षानुवर्षं आहे तिथेच राहतं.

काही वेळा मात्र थांबायचं नसतं. लघवी पूर्ण तुंबली, बाहेर आलेला भाग आत जाईना, तो सुजला किंवा काळानिळा पडला, तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. कायम बाहेर राहणारा भाग कपड्याला घासून जखम होते आणि रक्ताचा डाग पडतो. पण पाळी जाऊन वर्ष उलटल्यावर दिसलेल्या रक्ताला ‘घासल्याचं असेल’ म्हणून सोडून द्यायचं नसतं. समोर जखम दिसत असली तरी गर्भाशयाचं अस्तर आणि मुख तपासलंच पाहिजे. कॅन्सरची शंका खरी इथे घ्यायची, मऊ फुगवट्यावरून नाही. तिसऱ्या-चौथ्या पायरीत मूत्रवाहिन्या ओढल्या-दाबल्या जाऊन मूत्रपिंडं फुगू शकतात आणि ते दुखतही नाही. तिथे क्रिएटिनिन ही मूत्रपिंडांचं काम दाखवणारी रक्ततपासणी आणि मूत्रपिंडांची सोनोग्राफी जरूर करावी. लघवी झाल्यावर मूत्राशयात किती उरते तेही मोजून घ्यावं.

उपचाराचं तुम्ही विचारलं नाहीत, पण ओळखण्याची भीती ‘मग पिशवी काढायला लावतील’ यातूनच येते, म्हणून थोडं. त्रास नसेल तर काहीच न करणं हाही उपचार आहे. पहिल्या-दुसऱ्या पायरीत पेल्विक फ्लोअरचे व्यायाम, जाणकार फिजिओथेरपिस्टने तपासून शिकवलेले, निदान १६ आठवडे करायचे. त्यांनी त्रास कमी होतो, पण चौथ्या पायरीचं अंग व्यायामाने वर जात नाही. सिलिकॉनची पेसरी योग्य मापाची बसली तर त्याच दिवशी फरक जाणवतो. ती वेळोवेळी काढून स्वच्छ करावी लागते. पाळी गेलेली असेल तर योनीत लावायचं इस्ट्रोजेन क्रीम ऊतींना बळ देतं, फुगवटा वर नेत नाही. ऑपरेशन हा शेवटचा नव्हे, पण त्रास किती आहे यावर ठरवायचा पर्याय. प्रत्येकीचं गर्भाशय काढावंच लागतं असंही नाही. योनीमार्गातून जाळी बसवण्याचा सल्ला कुणी दिला तर नीट चौकशी करा. अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे औषधं आणि वैद्यकीय साधनांवर नियंत्रण ठेवणाऱ्या सरकारी संस्थेने, एप्रिल २०१९ मध्ये या कामासाठीच्या जाळ्यांची विक्री थांबवायला लावली होती.

तुमच्यापुरतं सांगायचं तर वर्णन पुढची भिंत किंवा गर्भाशय हायमेनच्या रेषेपर्यंत आल्याचं वाटतं. घाईचं काही नाही, पण येत्या काही आठवड्यांत स्त्रीरोगतज्ज्ञांना दाखवा. वेळ दुपारनंतरची मागा आणि ‘अशक्तपणा वाटतो’ असं मोघम न सांगता ‘संध्याकाळी योनीतून फुगवटा बाहेर येतो, हाताला लागतो’ हेच शब्द वापरा. बोटाने दाबून लघवी किंवा शौच करावं लागत असेल तर तेही सांगा. आडवं करून पाहिल्यावर ‘काही नाही’ म्हणाले, तर ‘उभ्याने खोकून दाखवते, एकदा बघाल का?’ असं सरळ विचारा.